यंदा थंडीत येत नाहीये, त्याचं असं झालं

प्रोग्रेसो, युकातान, मेक्सिको

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर "कामासाठी जरा बाहेर आलेय" म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होतं. मी ठकीला घेऊन मार्चपर्यंत या समुद्रकाठच्या गावात राहायला आलेय. भाडंही भरून झालंय. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय. आई, आधी पूर्ण वाच, मग रड.

"कुत्रीपायी आई-बापाला टाकलं" असं मावशी म्हणेलच. पण मागच्या जानेवारीत मी जालन्यात तुझ्या हातचं थालीपीठ खात होते, तेव्हा ठकी जिथे ठेवली होती तिथे चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. बाबांची अँजिओग्राफी व्हायची होती, म्हणून तेव्हा बोलले नाही. आता ती तेरा वर्षांची आहे, मागचे पाय धरलेत. तिकडे कॅनडात, विनिपेगला पारा उणे 30 वर गेला की फाटकापर्यंत जाऊन परत फिरते. रस्त्यावरचं मीठ पंजांना झोंबतं आणि बूट घातले तर जागची हलत नाही. भारतापर्यंतचा प्रवास तिला झेपायचा नाही. इथवर माझ्या पायाशी बसून आली.

मेक्सिकोत उतरताना कुत्र्याच्या पिशवीत अंथरूण चालत नाही, खाणंही त्या दिवसापुरतंच. म्हणून आजीच्या लुगड्याची गोधडी माझ्या बॅगेत घातली. हो, तीच. ठकी तिच्यावरच झोपते. रागावू नकोस, दर रविवारी धुते.

इथे दुपारी 27-28 अंश, रात्री पंखा पुरतो. घरांच्या भिंतींत हुकच बसवलेले असतात, लोक झोळ्या टांगून झोपतात. मी पलंगावरच झोपते, पाठीची काळजी नको. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, त्याच्या लहान भाकऱ्या आणि काळा घेवडा, म्हणजे उपाशी नाहीये. चाया नावाची पालेभाजी मिळते, ती कच्ची खायची नसते, लसूण घालून चांगली शिजवते. समुद्र खूप आतपर्यंत उथळ आहे आणि मी गुडघ्याच्या पुढे जात नाही. उत्तरेचा वारा सुटला की मात्र घरभर वाळू. ठकी शिंकत बसते.

बाबा, तुमच्यासाठी खास. शेजारच्या गावाचं नाव चिक्शुलूब! 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपवणारी उल्का पडली, ते हेच. बघायला काही नाही, सगळं विवर जमिनीखाली आणि समुद्राखाली गाडलेलं. पण रुंदी सुमारे 180 किलोमीटर, आपल्या लोणारच्या शंभरपट. लोणारच्या काठावर मला खांद्यावर घेऊन "हे एका दगडानं केलंय" म्हणाला होतात, आणि मी विचारलं होतं, "कुणी मारला?" तुम्ही शाळेत वर्षभर ते सांगत होतात. इथल्या काठावर उभी राहिले आणि एकदम खांद्यावर बसावंसं वाटलं.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. डॉक्टरांना लोणच्याबद्दल खरं सांगायचं. माळ्यावर चढायचं नाही, रजया काढायला शेजारच्या पोराला हाक मारा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणलेला. तात्यांच्या वेळी झालं तसं आपल्याकडे व्हायला नको, एवढंच.

बोलायची वेळ तीच. इथलं आणि विनिपेगचं घड्याळ हिवाळ्यात एकच चालतं, तेव्हा माझे सकाळचे आठ, तुमचे संध्याकाळचे साडेसात. शनिवारी ठकीलाही समोर बसवते. तुझा आवाज आला की शेपटी हलवते, खोटं नाही सांगत.

गणपतीला नक्की येतेय, रजा टाकलीय. गोधडीचा एक कोपरा उसवलाय, सोबत आणते. टाके घालून देशील ना?

तुमची,
बेबी