रात्रपाळी वाटून घेऊ

डोंबिवली,
१२ जून

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळे बरे आहेत. ओवीची शाळा दोन-चार दिवसांत सुरू होईल, सायलीचा गुडघा आता दुखत नाही. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर बाबा माझ्याशी बारा सेकंदांवर बोलत नाहीत. मी एकदा घड्याळ लावून मोजलंय. "बरा आहेस ना? तिकडे पाऊस काय म्हणतो? हं, आईला देतो." पत्र मात्र तुम्ही भिंग घेऊन दोनदा वाचता, पाकिटावरचा शिक्कासुद्धा.

आधी आईची माफी मागतो. आई, परवा दुपारी बाबा आडवे झाल्यावर तू दार ओढून घेऊन फोन केलास आणि वर "ह्यांना सांगू नको हां" म्हणालीस. मी सांगतोय. राग आला तर माझ्यावर काढ.

बाबा, मृगाची पहिली सर आल्यापासून तुम्ही रात्री अंथरुणावर नसता म्हणे. पडवीत खुर्ची टाकून, मांडीवर बॅटरी घेऊन बसता. अर्ध्या-अर्ध्या तासाने फाटकापाशी जाऊन गटारावर उजेड टाकता, पाणी चढतंय की उतरतंय ते बघायला. कॅलेंडरवर भरतीच्या वेळा पेन्सिलीने लिहून ठेवल्यात. पहाटे पाचला येऊन पडता आणि आईने विचारलं तर म्हणता, "मला काय धाड भरलीय? उकडत होतं म्हणून बसलो." स्वेटर घालून उकडतं का, बाबा?

आणि दिवसा लहानसहान गोष्टींवरून आईवर खेकसता. परवा म्हणे नट-बोल्टच्या पान्यांच्या सेटमधला १२-१३ चा पाना सापडेना, म्हणून जेवायला बसला नाहीत.

मला ते समजतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की माझ्याही पोटात गोळा येतो, आणि मी तर तिथे नव्हतोसुद्धा. दोन दिवस तुमचा फोन लागत नव्हता, तेवढाच माझा पूर. घरी कोणी आलं की तुम्ही डेपोची गोष्ट रंगवून सांगता. आपल्या चिपळूण आगाराचे साहेब नऊएक लाखांची रोकड घेऊन एसटीच्या टपावर कसे बसून राहिले, भोवती नुसतं पाणी, ते ऐकताना वाटतं तुम्हीच टपावर होतात. स्वतःची गोष्ट मात्र तुम्ही एकदाही सांगितलेली नाहीत. आईला शेजारच्या जिन्यावर चढवून कागदपत्रांच्या ट्रंकेसाठी परत खाली उतरलात तेव्हा पाणी छातीला लागलं होतं, हे मला आईकडून कळलं. तेही सहा महिन्यांनी.

तुमच्याकडून मला एकच चित्र मिळालंय. पाणी ओसरल्यावर मी आलो, तेव्हा आपल्या अख्ख्या मुरादपुरात लोक फावड्याने चिखल ओढत होते. आपल्या घरातला गाळ काढून झाला, गाद्या रस्त्यावर पडल्या, आणि तुम्ही ओट्यावर बसून पाने धूत होतात. प्लास्टिकच्या टबात डिझेल. एकेक पाना बुडवायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याच्या जबड्यातला गाळ काढायचा, आईच्या फाटक्या पातळाच्या फडक्याने पुसायचा, तेलाचा हात द्यायचा आणि वर्तमानपत्रावर आकड्यांप्रमाणे मांडायचा. ६-७, ८-९, १०-११. आई ओरडली, "घर तसंच पडलंय आणि हे काय घेऊन बसलायत!" मलाही तेव्हा तसंच वाटलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढं होऊ दे." दहा-बारा दिवस ते पुरवून पुरवून चाललं होतं तुमचं.

आता माझं. हे तुम्हा दोघांनाही माहीत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मंगळवार होता. सकाळची ८.१७ ची फास्ट. दिवा सोडलं आणि मुंब्र्याच्या अलीकडे गाडी थांबली. नेहमीचंच. पण त्या दिवशी छातीत काहीतरी धडधडायला लागलं, मग बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घाम. हात वर करायला जागा नव्हती. मला खात्रीच झाली की हा अटॅक आणि मी या डब्यात उभ्याउभ्याच जाणार, गर्दीमुळे खाली पडायचंसुद्धा नाही. ठाण्याला दोन अनोळखी माणसांनी उतरवून बाकावर बसवलं. एकाने पाणी दिलं आणि ऑफिसला उशीर झाला तरी सायली येईपर्यंत थांबला. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. मला वाटलं, हे काहीतरी मोठ्या लोकांचं दुखणं. पण त्यांनी समजावलं ते मी तुमच्या डेपोच्या भाषेत सांगतो. गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि कोणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलाय. धोका वाटला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. सगळी तयारी पळायची नाहीतर भिडायची. पण लोकलच्या डब्यात पळणार कुठे आणि भिडणार कोणाशी? श्वास मात्र पळाल्यासारखा चालू राहतो, त्यात कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर जातो, आणि त्यानेच मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आणखी घाबरतो, आणखी भराभर श्वास घेतो. बिघाड इंजिनात नसतोच.

त्यामागे काय होतं ते सगळं लिहीत बसत नाही. ऑफिसात दोन माणसं कमी केली आणि त्यांचं काम माझ्या टेबलावर आलं, घराचा हप्ता वाढला, आणि तुमची काळजी. मी तुम्हाला काय सांगितलं? "थोडी ऍसिडिटी झालीय." सायलीला म्हणालो, मला काय धाड भरलीय. शब्दही तुमचेच.

नंतर आणखी तीनदा झालं. एका रात्री दीड वाजता गॅलरीत जाऊन मी १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेलि-मानस म्हणून सेवा आहे, २०२२ पासून, फुकट, रात्रंदिवस. पलीकडच्या बाईंनी मराठीत विचारलं, "आत्ता कुठे बसलायत? जवळ कोणी आहे का?" एवढ्यानेच रडू आलं. त्यांनी सांगितलं म्हणून ठाण्यात एका समुपदेशकांकडे जायला लागलो. आठ वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे.

त्यांनी जादू वगैरे काही केली नाही. श्वास सोडायला शिकवला. हसू नका. श्वास घेताना हृदय किंचित भरभर चालतं आणि सोडताना हळू होतं. मनगटावर नाडी धरून बघितलं तर मला स्पष्ट कळतं. तुमच्या वयाला तो फरक कमी जाणवेल, पण असतो. म्हणून सोडणं लांबवायचं. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. कोपर ते मुंब्रा मी तेवढंच करतो, बाजूच्याला कळतही नाही. रोखून मात्र धरायचा नाही, बाबा. तुमची बीपीची गोळी चालू आहे.

बाकी बरंच काही करून पाहिलं आणि सोडलं. एक अ‍ॅप घेतलं, झोप यावी म्हणून त्यात पावसाचा आवाज होता. पावसाचा! दोन मिनिटांत उठून बसलो, डोळ्यांसमोर मुरादपूर. बागेतल्या हास्यक्लबात एक रविवार गेलो, नंतर दिवसभर गाल दुखत होते आणि मन होतं तिथेच. आणि रोज सकाळी कोणीतरी "टेन्शन घेऊ नका, हसत राहा" असं फुलांवर लिहून पाठवतो, त्याचा तर मला वेगळाच ताण येतो.

जे टिकलं ते अगदी साधं आहे. चारनंतर चहा बंद, कारण चहा-कॉफीतलं कॅफीन पाच तासांनीही निम्मं अंगात असतं म्हणे, आणि मी सातला ऑफिसातून निघताना कटिंग मारायचो. स्टेशनवरून रिक्षा न करता फडके रोडने चालत घरी. आणि एक वही. संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटं, डोक्यात जे जे वळवळतंय ते लिहायचं आणि पुढे लिहायचं की उद्या त्याचं काय करणार, किंवा करण्यासारखं काही नाही. ही तर तुमच्या डेपोतलीच पद्धत. ड्रायव्हर गाडी लावताना बिघाड लिहून देतो. एकदा लिहिला की तो मेकॅनिकचा. ड्रायव्हर घरी जाऊन झोपतो.

आई, तुझंही सांगतो. मे महिन्यात तुझ्याबरोबर आमसुलं करायला बसलो होतो ना? तू रातांबे फोडून बिया काढत होतीस, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात, संध्याकाळी आत, सकाळी परत त्याच रसात. एकामागून एक पुटं. दीड तासात मला एकदाही फोन बघावासा वाटला नाही. तेव्हा लक्षात आलं की बाबा डिझेलच्या टबाशी काय करत होते. हात आणि डोळे एका जागी लागले की डोकं मागे पुढे धावायचं जरा थांबतं. म्हणून आता शनिवारी मेथी-पालक मीच निवडतो. सायली म्हणते, अर्धी भाजी देठांबरोबर फेकतोस. तुला पावसाची भीती वाटत नाही असं नाही, पण तू सकाळी शेजारच्या वहिनींकडे जाऊन सगळं बोलून येतेस. बाबा कोणाशी बोलणार? बॅटरीशी?

आता कामाचं. बाबा, तुम्हाला "काळजी करू नका" असं मी म्हणणार नाही. नदी दाराशी आहे, २००५ झालं, २०२१ झालं, गाळ उपसला तरी भरतीच्या वेळी वरून पाणी आलं की ते तुंबणारच. तुमची काळजी खरी आहे. पण एकट्याने रोज रात्रपाळी करायची हे मला मान्य नाही. तीस वर्षं डेपोत तरी केलीत का कधी सलग?

म्हणून मी आणि ताईने वाटणी केलीय. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७, हे मी पाठ केलंय. पातळीचे आकडे मोबाइलवर येतात. रात्री बाराला आणि अडीचला मी गजर लावून बघीन, साडेचारला ताई पुण्याहून बघेल, ती तशीही योगासनांना उठतेच. पाच मीटरच्या जवळ गेलं की तुमच्या उशाशी फोन वाजेल, आवाज मोठा ठेवा. नगरपरिषदेचा भोंगा आहेच. ट्रंक माळ्यावर, कागदांचे फोटो माझ्याकडे, गोळ्या आणि चष्मा दाराजवळच्या पिशवीत. आणि ज्या दिवशी रेड अलर्ट असेल त्या दिवशी दुपारीच उंचावर मामाकडे जायचं. यावर चर्चा नाही.

एक गोष्ट मात्र रागावून लिहितोय. शेजारच्या काकांची झोपेची अर्धी गोळी तुम्ही दोनदा घेतलीत, हे आईच्या तोंडून निसटलं. परत नको. तुमच्या वयात त्या गोळीने रात्री उठल्यावर तोल जातो, आणि तुम्ही तर बॅटरी घेऊन ओल्या फाटकापाशी जाता. महिना झाला तरी झोप येत नसेल तर मी येईन, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. मला सवय आहे आता. बाहेर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचं आणि नंबर आला की आत जायचं, एवढंच असतं.

मागच्या पानावर वेळापत्रक आखलंय. माझं नाव, ताईचं नाव, वेळा. तुमच्या नावापुढे सातही दिवस "साप्ताहिक सुट्टी" लिहिलंय. पटत नसेल तर खोडून एखादी रात्र घ्या, पण एकच, आणि उत्तर पत्रानेच पाठवा.

आई, आमसुलं संपत आलीत. ताईकडे जास्त दिलीस, मला माहीत आहे.

तुमचा,
बाळू

ता. क. – बाबा, १२-१३ चा पाना शोधू नका. मे महिन्यात निघताना मी तुम्हाला न विचारता उचलला. ऑफिसच्या बॅगेत पुढच्या कप्प्यात असतो. गाडी मध्येच थांबली की हात घालून धरतो. दिवाळीत परत आणीन.