फोर्डेहून परतल्यावर आईला

बर्गन, नॉर्वे
5 ऑक्टोबर 2025

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार,

खंडेनवमीला आपलं बोलणं अर्धवट राहिलं. विळे-खुरपी धुऊन पुजायला मांडलीत, झेंडू दादाने आणला, तिथपर्यंत सगळं गोड होतं. मग दादाच्या छकुलीच्या वेटलिफ्टिंगचा विषय निघाला आणि "पोरीच्या जातीचं पोट सरकतं त्यानं, दादाला म्हणावं बंद कर तिचं," असं म्हणून तू फोन ठेवलास. मला राग आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जे डोळ्यांनी पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. फोनवर तू मला मधेच तोडशील, म्हणून लिहिते.

दसऱ्याला ड्युटी बदलून घेतली आणि फोर्डेला गेले. बर्गनहून तीन-साडेतीन तासांची वाट. मध्ये सोग्नेफ्योर्ड लागतो, म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेली समुद्राची खाडी. तिथे बस माणसांसकट बोटीत चढते. फोर्डे गाव आपल्या तालुक्याच्या गावाएवढंही नसेल, पण यंदाची वेटलिफ्टिंगची जागतिक स्पर्धा तिथे होती. आणि 48 किलो वजनगटात आपली मीराबाई चानू होती.

आधी स्नॅच असतं. जमिनीवरचा बार एका झटक्यात थेट डोक्यावर. प्रत्येकीला तीन संधी. मीराबाईने पहिल्यांदा 84 किलो उचललं. मग 87 लावलं, ते पडलं. पुन्हा 87, पुन्हा पडलं. तो बार खाली आदळतो ना आई, तो आवाज बसलेल्या माणसाच्या छातीत येतो. थायलंडची मुलगी तिच्या चार किलो पुढे गेली. मी पदर असता तर तोंडात धरला असता, इतकी घाबरले होते.

दुसरा प्रकार क्लीन अँड जर्क. बार आधी खांद्यावर घ्यायचा, उभं राहायचं, मग तिथून वर. तिने 109 उचललं. मग 112. शेवटी 115. हे 115 तिने याआधी 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उचललं होतं, तिथे तिला रौप्य मिळालं. मधल्या चार वर्षांत जे आलं नव्हतं ते वयाच्या 31व्या वर्षी, दोनदा बार पडल्यावर, तिने उचललं. साखरेची दोन पोती आणि वर पंधरा किलो, आणि तिचं स्वतःचं वजन 48. एकूण झाले 199. थायलंडची 198 वर राहिली. उत्तर कोरियाची री सोंग गुम 213 उचलून फार पुढे निघून गेली होती, सुवर्ण तिचं. मीराबाईला रौप्य.

हा 199 चा आकडा ऐकून मला रडू आलं. मागच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला तिने इतकंच वजन उचललं होतं, 199. तिथे तिसरी आली तिचे 200 झाले. एका किलोने मीराबाई चौथी राहिली आणि हात हलवत परत आली. नंतर तिने उघड सांगितलं की तो तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात त्राण नव्हतं. आई, आपल्या घरात या दिवसांत मला लोणच्याच्या बरणीला हात लावायची मुभा नव्हती. तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही, तुझ्या सासूने तुला तेच शिकवलं. पण त्याच दिवसांत एक बाई जगासमोर 111 किलो डोक्यावर धरून उभी राहते आणि पाळी हा शब्द लाज न बाळगता बोलते, ही गोष्ट छकुलीच्या कानावर पडावी असं मला फार वाटतं.

आता पोट सरकायचं. मीराबाई मणिपूरच्या नोंगपोक काकचिंग गावची, सहा भावंडांतली धाकटी. लहानपणी रानातून सरपण आणायला जायची. थोरल्या भावाला जी मोळी उचलेना ती ही उचलून घरी आणायची. ते मी वाचलं तेव्हा मला तू दिसलीस. उसाच्या वाड्याचा भारा, डोक्यावर चुंबळ, आणि बांधावर उभी राहून "जरा हात लाव गं" म्हणून कुणाला तरी हाक मारणारी. मी पोटात असतानाही तू वैरण वाहिलीस, हे आत्याने मला सांगितलंय. तेव्हा तुझं पोट सरकेल म्हणून कुणी भारा उतरवून घेतला नाही. फोर्डेला त्या बारजवळ मीराबाई एकटीच होती. भारा डोक्यावर द्यायला तिथे कुणी नसतं, सगळा आपला आपणच घ्यायचा.

मी नर्स आहे, म्हणून जबाबदारीने सांगते. चांगल्या शिक्षकाच्या नजरेखाली, बेताबेताने वजन वाढवलं तर मुलीची उंची खुंटत नाही आणि पोटही सरकत नाही. दुखापत होते, ते मी लपवणार नाही. मीराबाईची 2018 मध्ये पाठ धरली, ती एशियाडला जाऊ शकली नाही. 2023 च्या एशियाडला कंबरेचा खुबा दुखावला. म्हणूनच शिक्षक कोण, हे दादाने स्वतः जाऊन बघायला हवं. घाई करणारा, पोरींना लवकर मोठं वजन लावून मिरवणारा असेल तर छकुलीला मीच घरी बसवीन.

आणि स्पर्धेत छकुलीचा बार पडला म्हणून वहिनी म्हणाली ना, की हिला जमायचं नाही? 2016 च्या रिओ ऑलिंपिकला मीराबाईचं क्लीन अँड जर्क तिन्ही वेळा चुकलं. एकही जमलं नाही की एकूण वजन धरतच नाहीत, निकालात नाव येतं पण पुढे आकडा नसतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अनाहाइमला तिने 194 किलो उचलून जागतिक सुवर्ण घेतलं. त्याआधी असं सुवर्ण भारतात फक्त कर्णम मल्लेश्वरीने आणलं होतं, 1994 आणि 1995 ला.

गावाहून इंफाळला सरावाला जायला मीराबाईकडे पैसे नसत. वाळूचे ट्रक जात, ते ड्रायव्हर तिला फुकट बसवून घेत. टोकियोहून आल्यावर तिने त्यांना शोधून काढलं, दीडशे माणसं असतील, त्यांना जेवू घातलं, शर्ट आणि मणिपुरी उपरणी दिली. मला तिची ही गोष्ट पदकाहून जास्त आवडते. छकुलीला सांगलीला जायला दादाने एसटीचा पास काढून दिलाय, एवढं तरी आपण बंद करू नये. सांगलीतल्याच संकेत सरगरने 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं, त्याच दिवशी तिथे मीराबाईने सुवर्ण घेतलं होतं. संकेतची बहीण काजल हिनेही खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. पानटपरी चालवणाऱ्या बापाची पोरं ती. आपल्या घरापासून ही माणसं लांब नाहीत.

रौप्य देऊन झालं तेव्हा मला आठवलं की आज दसरा, आणि मी कुणालाच सोनं दिलेलं नाही. आपटा इथे कुठला मिळायचा! रात्री फोर्डेलाच राहिले. खोलीत एकटीच बसून तुझी, आप्पांची आठवण काढली आणि मनातल्या मनात पाया पडले.

एक काम कर. छकुलीला कागदावर उभी करून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद मोजपट्टीसह दादाला फोटो काढून पाठवायला सांग. वजन उचलायचे बूट वेगळे असतात, टाच उंच आणि कडक, साध्या बुटात पाय डगमगतो. इथून घेऊन डिसेंबरात येताना आणते. तिचा पाय अजून वाढतोय, म्हणून अर्धं बोट जास्त धरेन. पेन्सिल तूच फिरव, वहिनीला सांगू नकोस.

तुझी लेक