सूत गुंडाळणाऱ्या हातांचीही नोंद हवी

महोदय,

गिरण्यांवरची आपली पुरवणी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली. भोंगा, साचे, १९८२चा संप, पाडलेल्या चिमण्या, सगळं आलं. बायका मात्र डबा पोहोचवण्यापुरत्याच दिसल्या, म्हणून हे पत्र.

कावसजी दावर यांची ताडदेवची, मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६मध्ये सुरू झाली, तेव्हा ठाण्याला आगगाडी येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा धंदा कापडाचा नव्हे, सुताचा होता आणि ते सूत बोटीने चीनला जायचं. त्याच्या लडी करायच्या बायकांनी. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी १८९०मध्ये भरवलेल्या कामगारांच्या सभेत दोन गिरणीकामगार बायका बोलल्या होत्या. हे शाळेत का शिकवत नाहीत?

माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत बोबिनीवर गुंडाळायच्या कामाला होती. पगार कामाच्या वजनावर. सूत तुटून थांबलं की तेवढी मजुरी गेली. त्यामुळे तुटलेली दोन टोकं ती डोळ्यांनी न बघता एका हाताने सांधायची. कळव्याला राहायला आल्यावरही गजऱ्याचा दोरा तुटला की तीच गाठ, पापणी लवायच्या आत. उजव्या तर्जनीवर सुताने पडलेली खाच शेवटपर्यंत होती. लहानपणी मी त्या खाचेतून नख फिरवायचे. कामावर घेणं, घरी बसवणं नायकिणीच्या, म्हणजे खात्यातल्या बाई मुकादमाच्या हातात. तिला पहिल्या पगारातून साडी-चोळी द्यावी लागली, हे आजी म्हातारपणीही चिडून सांगायची.

मुंबई इलाख्यात १९२९मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तेव्हा लग्न झालेल्या बायका घ्यायला मालक कचरू लागले. त्यात जलद वाइंडिंगची यंत्रं आली. बायकांची भरती आटत गेली ती अशी, संपाच्या कितीतरी आधीपासून. त्यांच्या बेकारीवर कुठे मोर्चा निघाल्याचं आजीला आठवत नव्हतं.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे. तिथे वाइंडिंग आणि रिळिंग (लडी करायच्या) खात्यांना स्वतंत्र दालन द्यावं. या खात्यांत काम केलेल्या ज्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत, त्या परळ-लालबागला थोड्या, कळवा, डोंबिवली, ऐरोलीला जास्त सापडतील. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायला माणसं तिथे पाठवा, आणि ती याच वर्षी पाठवा. आपल्या वृत्तपत्रानेही वाचकांना तसं आवाहन करावं.

आजीची एक लाकडी बोबीन आमच्याकडे आहे. संग्रहालयाने मागितली तर आणून देऊ.

– एक वाचक, कळवा (ठाणे)