सिस्टर, तुम्ही थांबलात म्हणून

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र. पॅप स्मिअरसाठी, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पूर्वतपासणीसाठी, आत आले तेव्हा माझे हात गार पडले होते. दोन बाळंतपणं झालेली, तरी ही तपासणी मी कित्येक वर्षं टाळली होती. दुखेल ही भीती होतीच, पण लाज त्याहून जास्त.

तुम्ही पडदा ओढलात, पांघरायला चादर दिलीत आणि स्पेक्युलम आधी माझ्या हातात ठेवलंत. हे योनीत सरकवून हळूच उघडायचं, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दिसतं. मग मऊ ब्रशने तिथल्या थोड्या पेशी घ्यायच्या. सुई नाही, कापणं नाही. “कधीही थांबा म्हणा, मी थांबेन,” असंही म्हणालात.

आणि मी खरंच म्हणाले. स्पेक्युलम उघडताना अंग आखडलं, तोंडून “थांबा” निघालं, आणि तुम्ही त्याच क्षणी ते बाहेर काढलंत. ना उसासा, ना “एवढं काय त्यात”. लहान मापाचं घेतलंत, मला दोन्ही मुठी कंबरेखाली ठेवायला सांगितलंत, श्वास सोडायला लावलात. या खेपेला नुसता दाब जाणवला. ब्रश फिरला तेव्हा पाळीत येते तशी एक बारीक कळ, बस. पाच मिनिटंही लागली नसतील.

एक-दोन दिवस थोडा डाग दिसू शकतो, हेही तुम्हीच सांगितलंत. पण मला सर्वांत उपयोगी पडलं ते पुढचं. एचपीव्ही या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुधा दोनेक वर्षांत आपोआप जातो. जो टिकून राहतो तो पेशी बदलू शकतो, पण त्याचा कॅन्सर व्हायला सहसा अनेक वर्षं लागतात, आणि ही तपासणी त्या मधल्या काळासाठीच आहे. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, तेव्हा कुणावर संशय घेऊ नका, हे तुम्ही मी न विचारता सांगितलंत. माझ्या मनातलं तुम्हाला कसं कळलं?

माझ्या अहवालात पेशींमध्ये किरकोळ बदल आले. तुमचं बोलणं कानात नसतं तर मी त्या कागदाला कॅन्सरच समजले असते. कॉल्पोस्कोपीला गेले, तिथे भिंगातून गर्भाशयमुख नीट पाहिलं, उपचारांची गरज निघाली नाही, वर्षाने पुन्हा तपासायचं ठरलं.

त्या टेबलावर आडवी झाले तेव्हा कुणी सांगायच्या आत मी दोन्ही मुठी कंबरेखाली ठेवल्या होत्या.

मनापासून आभार,
तुमची एक पेशंट