कोराडीच्या काकांना, आमच्या गच्चीवरून

काका, सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानले असते तर "बस झालं, चहा टाक" म्हणाला असता. म्हणून चारचौघांत लिहिते.

सोलरवाल्याने ५ किलोवॉटचं कोटेशन दिलं होतं, वर अंगणातला कडुनिंब तोडायला सांगितलं होतं. मी सही करणारच होते. तुम्ही कागद बाजूला सारून विचारलं, "पंखे किती जुने आहेत?" जन्मभर कोराडीच्या केंद्रात कोळशावर वीज काढलेला माणूस सोलरच्या बोलण्यात पंखे काहून आणून राहिला, मला कळेना.

मग तुम्ही हिशेब मांडला. जुना पंखा ७५ वॉट, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा २८. पाच पंखे, उन्हाळ्यात पंधरा तास, म्हणजे रोजचे साडेतीन युनिट वाचले. १ किलोवॉटचं पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं. एवढी वीज छताला लटकूनच वाया जात होती! शिवाय सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॉटला ७८,००० रुपये मिळतं आणि तिथेच थांबतं. हे कोटेशनवाला बोललाच नव्हता.

मला मात्र तुमचा खडू आठवतो. सकाळी नऊला, बाराला, पुन्हा चारला गुडघे धरत जिना चढलात आणि टाकीची, झाडाची सावली फरशीवर आखलीत. हिवाळ्यात ती लांबते म्हणून आणखी दोन हात सोडलेत. एका पॅनलवर सावली आली तर त्याच्याशी जोडलेली अख्खी ओळ मंदावते, म्हणालात. कडुनिंब वाचला. पॅनल तापलं की २५ अंशांपुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. नागपूरच्या मे महिन्यात खालून वारा खेळावा म्हणून सांगाडा उंच करून घेतलात. पूर्वेकडची पट्टी आईच्या सरगुंड्या-कुरडयांसाठी मोकळी ठेवलीत. तिच्या लेखी सोलरचं यश तेवढंच.

बिल दाखवायला आले तेव्हा तुम्ही हसलात, "रात्री तर माझ्या कोराडीचीच वीज जाळतेस." खरंय. बॅटरीचा खर्च झेपला नाही.

आता कूलरचा पंप खडखड करून राहिला. नवा घेऊ, की साफ करून चालेल? एकदा येऊन बघा. चहा टाकते.

तुमची,
मागच्या गल्लीतली पोरगी