अप्पांची वही

ती. आई-अप्पांना सा. नमस्कार,

अप्पा, काल तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. वर केळीच्या घडांचं वजन, मजुरी, ठिबकचा खर्च. आणि त्याखाली रेघ मारून 'सकाळी 40, संध्याकाळी 25'. आईच्या ड्रेनचा हिशोब, म्हणजे स्तनाच्या ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी नळीतून डबीत किती मिली आलं त्याचा. ऑफिसात बसून मी ते पान किती तरी वेळ बघत होते.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन दिवस विसरता येत नाहीत. बायकांचा वॉर्ड, म्हणून तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं. ड्रेसिंगच्या वेळी आई भिंतीकडे तोंड करायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी तुम्हाला पडद्याआत बोलावलं. हात कसे धुवायचे, डबीतलं पाणी मापात कसं ओतायचं, डबी दाबून हवा काढून बूच कसं लावायचं, ताप आला किंवा जखम लाल झाली तर काय करायचं, सगळं शिकवलं. तुमचे हात थरथरत होते. आईनं मान वळवली ती तेव्हा. "सांडू नका हो," म्हणाली. आई, रागावू नकोस, पण अप्पांना हे कळायलाच हवं: आता हे माझ्याकडे बघणारही नाहीत, अशी भीती तुला होती. तू रात्री मला सांगितलीस.

म्हणून अप्पा, नळी निघाली तरी तिच्याजवळून उठू नका. 24 तासांचं माप साधारण 30 मिलीच्या आत आलं की नळी काढतात. मनातलं इतक्या लवकर निघत नाही. आत्या येईल, "रडू नको वो माय" म्हणेल. प्रेमानंच म्हणते ती. पण आईला रडू द्या. बोलायला काही सुचलं नाही तर नुसते बसा. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही असं दिसलं, तर टाक्यांइतकंच तेही डॉक्टरांना सांगायचं. मनाच्या त्रासासाठी असलेल्या 14416 या सरकारी नंबरावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम सिस्टरनी सांगितला तेवढाच करा. हात जिथवर पोचेल तिथे पेन्सिलीची खूण करा, आमची उंची मोजायचात तशी. काखेतल्या गाठी काढल्यात, त्यामुळे डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, जड बादली नको. आणि आई, भरताची वांगी काड्यांवर भाजायला यंदा तू बसायचं नाहीस. त्या हाताला चटका चालणार नाही. अप्पा भाजतील, तू शेजारी बसून सांग.

गाठीचा रिपोर्ट यायचा आहे. अप्पा, तो एकट्यानं वाचून खिशात ठेवू नका. तिचं शरीर आहे, तिला आधी कळू दे. डॉक्टरांसमोर दोघं मिळून बसा, मीही असेन.

शनिवारी पहाटे भुसावळला उतरते. घ्यायला येऊ नका. सकाळचं माप त्याच वेळी असतं.

तुमची,
ताई