जनगणनेचा आकडा वॉर्डापर्यंत येऊ द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जनगणनेविषयी सध्या जी चर्चा चालते ती बहुतेक जातीच्या रकान्याभोवती फिरते. तो विषय महत्त्वाचा आहेच; परंतु गोळा झालेले आकडे पुढे कोणाच्या हाती पडतात आणि त्यांवरून कोणते निर्णय होतात, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत इंदुरात प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघर जाऊन माणसांची नोंद करण्याचे, काम केलेली शिक्षिका या नात्याने मला त्याबद्दलच लिहायचे आहे.

बेघरांची गणना त्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. आम्ही दोघी शिक्षिका सरवटे बसस्थानकाच्या परिसरात अनुसूची (नोंदीचा छापील अर्ज) घेऊन फिरत होतो. झाबुआकडून मजुरीला आलेले एक कुटुंब बंद दुकानाच्या ओट्यावर पथारी टाकून पडले होते. बाईने बोटांवर मोजून तीन मुले सांगितली. चौथे तिच्या पदराखाली होते, पण त्याचे नाव अजून ठेवले नव्हते, त्यामुळे तेही सांगायचे असते हे तिच्या ध्यानीच आले नाही. नावाच्या जागी ‘शिशु’ असे लिहून आम्ही त्याची नोंद केली. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात ० ते ६ वयोगटाचा स्वतंत्र रकाना असतो आणि अंगणवाडी याच वयाच्या मुलांसाठी असते. ते बाळ त्या रकान्यात गेले, याचे समाधान मला आजही आहे.

दोन वर्षांपूर्वी शहराच्या कडेला वाढलेल्या एका वस्तीत अंगणवाडी व्हावी म्हणून आम्ही काही जणी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. शहरी भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. वस्ती त्याहून कितीतरी मोठी असूनही, ‘नोंदीत एवढी लोकसंख्या दिसत नाही’ असे उत्तर मिळाले. नोंद २०११ ची होती आणि त्या वर्षी तिथे गव्हाची शेते होती. अधिकारी आमच्याशी नीट बोलले. त्यांच्यापुढे दुसरा कागदच नव्हता. शेवटी आम्हीच घरोघर जाऊन मुलांची यादी केली, पण ती सरकारी नाही म्हणून नुसती फाइलला लावली गेली.

याचे एक कारण गणनेला झालेला उशीर हे आहे, आणि दुसरे, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, ते हद्दींचे आहे. २०१४ च्या सुमारास निपानिया, लिंबोदी यांसह २९ गावे महापालिकेत आली आणि ६९ वॉर्डांचे ८५ झाले. त्यामुळे २०११ चे वॉर्डवार तक्ते असूनही ते आजच्या वॉर्डांशी जुळत नाहीत, आणि नगरसेवकाने मनात आणले तरी आपल्या वॉर्डात लहान मुले किती, हे त्याला त्यांतून काढता येत नाही. यावर उपाय आहे. एका प्रगणकाकडे साधारण सव्वाशे-दीडशे घरांचा गट असतो. या गटांचे नकाशे आणि गटवार बेरजा प्रसिद्ध झाल्या, तर वॉर्डांच्या हद्दी पुढे कशाही बदलल्या तरी गटांची बेरीज करून नवा आकडा मांडता येईल. व्यक्तीची माहिती अर्थातच गोपनीय राहिली पाहिजे. १९४८ च्या जनगणना कायद्याने तशी हमी दिली आहे आणि तिच्याच बळावर आम्ही लोकांच्या दारात उभे राहत होतो.

उशिराचा फटका तर साऱ्या देशाला बसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची ८१.३५ कोटींची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून ठरली आणि नवे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ती तिथेच अडकून राहते. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख (ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते ती) ठरवली आहे, म्हणजे अंतर १६ वर्षांचे पडले. गणनेनंतरही वाट पाहावीच लागते. २०११ चे प्राथमिक आकडे त्याच मार्चअखेर जाहीर झाले, पण मातृभाषेचे तक्ते यायला २०१८ उजाडले. (इंदुरातल्या रामबागेतल्या मराठी घरांतही तेव्हा ‘हिंदीच लिहून टाका, काय फरक पडतो?’ असे मला ऐकावे लागले होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, असे राज्यघटनेचे ३५० (क) कलम सांगते. तशी मागणी करायची तर मुळात आपण नोंदीत दिसलो पाहिजे.)

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे हाती घेऊन देशातील दारिद्र्य मोजले आणि त्याच आधारावर ग्रामीण भागात सरकारने कामे काढावीत, असा आग्रह धरला. सरकारी आकड्यांचा असा उपयोग करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. इंदूर महापालिकेच्या अर्थसंकल्पी सभेत प्रत्येक वॉर्डाची लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुले, घरात नळ नसलेली कुटुंबे हे आकडे सदस्यांपुढे छापील ठेवावेत आणि तरतुदीच्या शेजारी ते दिसावेत, एवढीच माझी मागणी आहे.

नव्या जनगणनेचे वॉर्डवार तक्ते येतील तेव्हा आपल्या दैनिकाने ते क्रमाने छापावेत, ही विनंती. ते वाचायचे कसे, हे मोहल्ल्यात बसून समजावून सांगायला माझ्यासारख्या प्रगणक म्हणून काम केलेल्या काही निवृत्त शिक्षिका तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर